सेवा, वेतन आणि पुढारीपण



पेणच्या खारेपाटात ज्यांची शेती आहे, त्यांना उधाणाची रात्र म्हणजे काय हे मी सांगायला नको. खाडीचे पाणी चढत असते, वारा सुटलेला असतो, आणि कोणीतरी ओरडत येतो, की बाहेरकाठ्याला खांड पडली. मग फावडे म्हणा, घमेले म्हणा, ज्याच्या हाती जे लागेल ते घेऊन माणसे बांधाकडे धावतात. खांड पडलेली असते एकाच्या शेतासमोर; पण पाणी काही सात-बाराचा उतारा पाहून आत शिरत नाही. ते सगळ्यांच्या शेतात शिरते, आणि एकदा खारे पाणी जमिनीत मुरले, की पुढची काही वर्षे तिथे भात धड पिकत नाही.

या बांधांच्या राखणीसाठी आपल्या भागात एक जुनी रीत होती. तिला जोळ म्हणत. घरटी माणूस बांधावर यायचा, चिखल-माती टाकायची, बांध उंच करायचा, आणि याबद्दल मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही. बांध सगळ्यांचा, म्हणून कामही सगळ्यांचे. पण याच खारेपाटात दुसरीही एक रीत नांदत होती. शिलोत्री गावांत बिघ्यामागे मणभर भात वेगळा द्यावा लागे. त्याला शिलोत्री मण म्हणत, आणि तो बाहेरकाठ्याच्या दुरुस्तीसाठी म्हणून घेतला जाई. म्हणजे एकीकडे अंगमेहनतीची वर्गणी आणि दुसरीकडे धान्याची. काम एकच, पण ते चालवण्याच्या वाटा दोन.

पुढे १९४८ साली त्या वेळच्या मुंबई प्रांताने खार जमिनींचा कायदा केला. १९७९ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. बांधांची कामे सरकारी योजनेत आली. अंदाजपत्रके आली, ठेकेदार आले. बांध फुटला तर फावडे उचलायचे, ही सवय हळूहळू मोडत गेली आणि अर्ज करायचा ही सवय पडत गेली. यात दोष खात्याचा किती आणि आपला किती, हा वाद मला इथे घालायचा नाही. मला त्यातून एक प्रश्न तेवढा उचलायचा आहे. दहा माणसे आपखुशीने, बिनपगारी एखादे काम उभे करतात. काम वाढते. मग कोणीतरी म्हणतो, की आता एखादा पगारी माणूस ठेवला पाहिजे. आणि तिथेच ठिणगी पडते. पगार कोणाला द्यायचा? तो ठरवणार कोण? आणि ठरवणाऱ्याला पुढारी केले कोणी?

तुमच्या गावच्या वाचनालयात, उत्सव मंडळात, दूध संस्थेत हा प्रश्न आला नसेल तर आश्चर्यच. पण तो केवळ गावातल्या भाऊबंदकीचा प्रश्न आहे असे मात्र समजू नका. आपल्या महाराष्ट्रातली फार मोठी माणसे या प्रश्नावर अडखळली आहेत. त्यांतल्या काहींची हकिगत आज सांगतो.

पहिली हकिगत पुण्याची. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी या मंडळींनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. लवकरच आगरकर येऊन मिळाले. सरकारी नोकरीत यांतल्या प्रत्येकाला चांगला पगार मिळाला असता. तो सोडून ही माणसे अल्प वेतनावर शिकवू लागली. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज निघाले. वीस वर्षे संस्थेतच शिकवायचे असे वचन देऊन जे आत येत, त्यांना आजीव सभासद म्हणत. वेतन सगळ्यांना सारखे, दरमहा ७५ रुपये. संस्थेचा कारभारही हे सभासदच आपसांत मते घेऊन चालवत. म्हणजे शिकवणारे तेच, वेतन घेणारे तेच आणि ठरवणारेही तेच.

सुरुवातीची काही वर्षे सरली, संसार वाढले, आणि कुरबुर सुरू झाली. टिळकांचे म्हणणे असे, की आपण त्यागाच्या तत्त्वावर एकत्र आलो आहोत. ठरलेल्या वेतनात भागवावे, सगळा वेळ संस्थेला द्यावा, आणि बाहेरून काही मिळकत झालीच तर ती एकत्र निधीत टाकावी. आगरकरांचे म्हणणे असे, की संस्थेचे काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. त्यात ग्रंथ लिहून किंवा आणखी काही करून कोणी चार पैसे मिळवले तर त्यावर संस्थेचा हक्क कसा? घरात खाणारी तोंडे वाढली तर वेतन वाढवण्याचा विचार तरी करायला काय हरकत? दोघेही प्रामाणिक. दोघांनीही पैशाच्या मागे लागून काही केले असे त्यांचा शत्रूसुद्धा म्हणणार नाही. तरी मन फाटले ते फाटलेच. १८९० साली तरुण गोखल्यांनी सार्वजनिक सभेच्या चिटणिसाचे काम पत्करले, तेव्हा हे संस्थेच्या तत्त्वाविरुद्ध आहे अशी हरकत टिळकांनी घेतली. सभासदांचे बहुमत टिळकांच्या बाजूने नव्हते. त्या वर्षाच्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले.

शाळेत आपण मुलांना हे भांडण सांगतो ते ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ एवढ्यावरच संपवतो. तो वाद होताच. पण संस्थेच्या आत जी ठिणगी पडली ती वेतनाच्या आणि वेळेच्या प्रश्नावर, हे मुलांना सांगायला आपण विसरतो. शिक्षक वाचकांनी हे ध्यानात ठेवावे अशी माझी विनंती आहे.

आणि आता गंमत पाहा. ज्या गोखल्यांच्या बाहेरच्या कामावरून ही हरकत निघाली, त्यांनीच १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज काढला. या समाजात येणाऱ्याला जी व्रते घ्यावी लागत, त्यांत एक असे, की संस्था माझ्या आणि माझ्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी सोय करील तीत मी समाधान मानीन, आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी टिळक जे मागत होते, ते जवळजवळ त्याच अर्थाने गोखल्यांच्या नियमात आले! फरक एवढाच, की इथे ते दारातच सांगितलेले होते. आत येणारा माणूस काय कबूल करतो आहे हे जाणून येत होता. १९१५ साली गोखले वारले, तेव्हा अध्यक्षपदावर श्रीनिवास शास्त्री आले. समाज मोडला नाही. नियम आधी आणि माणसे मागून, असे झाले की पुष्कळशी भांडणे उगवतच नाहीत.

दुसरी हकिगत आपल्या घरची आहे. पेण तालुक्यात गागोदे नावाचे गाव आहे. तिथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे, म्हणजे आपले विनोबा, जन्मले. लहानपणीची एक आठवण त्यांनी सांगून ठेवली आहे. घरी फणस पिकला, की आई तो फोडून गऱ्यांचे द्रोण भरायची आणि पोराला म्हणायची, आधी हे आळीत घरोघर देऊन ये. सगळे वाटून झाले, की मग पोराच्या वाट्याचे गरे. कोकणातल्या कुठल्याही घरात शोभेल अशी ही गोष्ट. पण हा मुलगा पुढे तोच द्रोण घेऊन साऱ्या देशात फिरला.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावी तिथल्या हरिजन कुटुंबांनी विनोबांपाशी जमीन मागितली. एकंदर ८० एकर हवी होती. विनोबांनी सभेत विचारले, की कोणी देईल का? रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उठले आणि म्हणाले, मी १०० एकर देतो. भूदानाची गंगा तिथे उगम पावली. मागणी ठरली ५ कोटी एकरांची, आणि मुदत १९५७ सालची.

आता एवढे मोठे काम एकट्याच्या पायांनी होणार कसे? प्रांतोप्रांती, जिल्ह्याजिल्ह्यांत भूदान समित्या झाल्या. त्यांचे संयोजक आले, कचेऱ्या आल्या, कार्यकर्ते आले. कार्यकर्त्याला पोट असते, घरी बायकामुले असतात. त्यांच्या निर्वाहासाठी गांधी स्मारक निधीतून पैसा मिळू लागला. रक्कम कोणाच्या डोळ्यांत भरावी अशी नव्हती. पण महिन्याच्या महिन्याला येणारी होती. काम वाढले. लाखो एकरांची दानपत्रे जमली. कोणालाही वाटावे, की गाडी रुळावर आहे, तिला हात कशाला लावा?

विनोबांनी हात लावला. १९५६ च्या अखेरीस, पळणी या क्षेत्री, त्यांनी सर्व सेवा संघापुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक निधिमुक्ती, म्हणजे निधीचा पैसा बंद. दुसरी तंत्रमुक्ती, म्हणजे साऱ्या भूदान समित्या बरखास्त. संघाने ते मान्य केले. जगाच्या इतिहासात चळवळी सरकारने मोडलेल्या पुष्कळ सापडतील. आपली चालती यंत्रणा चळवळीच्या प्रवर्तकाने आपणच होऊन मोडावी, असे उदाहरण विरळा.

का केले त्यांनी असे? त्यांचा विचार सांगतो, शब्द माझे आहेत. समिती आहे म्हटल्यावर गावचा माणूस म्हणू लागला, की भूदान हे समितीवाल्यांचे काम. ते येतील तेव्हा बघू. जो कार्यकर्ता लोकांच्या प्रेमावर फिरायचा, तो महिनाअखेरच्या मनिऑर्डरीवर फिरू लागला. लोकांचे काम लोकांपासून सुटून कचेरीत जाऊन बसले. आपल्या बांधाचे पुढे झाले तेच! तेव्हा कार्यकर्त्याने लोकांच्या आधारावर जगावे, असे विनोबा म्हणाले. मिळकतीचा काही हिस्सा देण्याचे संपत्तिदान आधीच सुरू झाले होते. पुढे सर्वोदयपात्राची कल्पना आली. घरात एक भांडे ठेवायचे, त्यात घरातल्या लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य टाकायचे, आणि त्यावर सेवकांनी जगायचे. मुलाची मूठ का? कारण आईची मूठ मोठी होईल! आणि मुलाला देण्याचे वळण लागेल. गागोद्यातल्या त्या द्रोणाची आठवण इथे कोणाला होणार नाही?

विचार उदात्त होता. परिणाम काय झाला? इथे आपल्याला भक्तिभाव बाजूला ठेवून इतिहास वाचला पाहिजे. काही थोडे निष्ठावंत अधिकच तेजाने कामाला लागले. पण पुष्कळ कार्यकर्ते गळाले. ते लोभी होते म्हणून गळाले असे कोणी म्हणू नये. चूल पेटवायची होती म्हणून गळाले. ज्याच्या घरी थोडीफार शेती होती, किंवा कमावता भाऊ होता, तो टिकला. ज्याच्या पाठीशी काहीच नव्हते, तो परतला. आणि गरिबांसाठी चाललेल्या चळवळीत गरीब कार्यकर्त्यालाच राहणे कठीण व्हावे, हा विचार करण्यासारखा परिणाम नाही का?

दुसरा परिणाम जमिनीच्या वाटपावर झाला. दान मिळवणे हे सभेत, भजनात, उत्साहाच्या भरात होते. वाटप मात्र किचकट काम. जमीन पाहायची, नंबर ताडून घ्यायचा, खटल्यात अडकली आहे का ते शोधायचे, लायक भूमिहीन ठरवायचा, तलाठ्याकडे खेटे घालून नाव चढवून घ्यायचे. हे काम उत्साहाने होत नाही. चिकाटीने, रोज, कोणीतरी बसून करावे लागते. समित्या गेल्या आणि असे रोज बसणारे माणूसही बहुतेक ठिकाणी गेले. देशभरात ४० लाख एकरांच्या वर जमीन दानात आली, पण तिचा मोठा भाग वर्षानुवर्षे वाटपाविना पडून राहिला. त्याला कारणे अनेक आहेत. कित्येक दाने खडकाळ किंवा वादातल्या जमिनीची होती. पण कंटाळवाणे काम करायला नेमलेला माणूस नसणे, हे त्यांतले एक कारण खरेच.

आता पुढारीपणाचे. विनोबांना कोणी निवडून दिले नव्हते आणि कोणत्याही पदावर ते बसले नव्हते. मतमोजणीवर त्यांचा विश्वास नव्हता. पाच बोले तो परमेश्वर, ही आपली जुनी म्हण त्यांना प्रिय. पाचांपैकी तिघे एका बाजूला आणि दोघे दुसऱ्या बाजूला असताना तिघांचेच खरे मानायचे, हे त्यांना पटत नसे. म्हणून सर्व सेवा संघाचे निर्णय सगळ्यांच्या संमतीने होत. हे चांगले चालले, कारण कोंडी झाली की सगळ्यांची नजर विनोबांकडे वळे आणि त्यांच्या शब्दापुढे मते विरघळत. पण १९७४ साली जयप्रकाशांच्या बिहार आंदोलनाचा प्रश्न आला. संघातले बहुसंख्य जयप्रकाशांकडे ओढलेले. काही जण त्यास ठाम विरोध करणारे. नियम एकमताचा, आणि एकमत तर होईना. मग काय करायचे, याची वाट नियमात नव्हती. निवडणूक नको म्हटले म्हणून पुढारी नाहीसा होत नाही. तो फक्त मोजता येत नाही आणि बदलता येत नाही. संघात फूट पडली आणि ती भरून निघायला कोणाचाही शब्द पुरला नाही.

पेणहून थोडे खाली, कुंडलिकेच्या काठी रोह्याला येऊ. इथे १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. त्यांच्या स्वाध्याय परिवारात एक दंडक आहे, की भक्तिफेरीला जाणारा माणूस आपल्या खर्चाने जातो, आपली शिदोरी आपण नेतो, आणि ज्या गावी जातो तिथे कोणावर भार होत नाही. योगेश्वर कृषीच्या शेतात गावातली माणसे पाळीपाळीने श्रम करतात. पीक येते ते कोणा एकाचे नसते. ही आपली जोळच म्हणायची, भक्तीचे वस्त्र ल्यालेली. सामुदायिक नेतृत्वासाठीचा मॅगसेसे पुरस्कार १९५८ साली गागोद्याच्या विनोबांना मिळाला आणि १९९६ साली रोह्याच्या आठवल्यांना. एकाच जिल्ह्यातल्या दोन शेजारच्या तालुक्यांतली ही दोन माणसे, हे रायगडकरांनी अभिमानाने सांगावे. स्वाध्यायात मात्र निवडणूक हा प्रश्नच नव्हता. तिथे पुढारीपण श्रद्धेने मानलेले. २००३ साली आठवले गेले, आणि अनुयायी ज्यांना दीदी म्हणतात त्या त्यांच्या कन्येकडे परिवाराची धुरा आली. श्रद्धेने बांधलेल्या कामाची ही रीत झाली. पण ज्या संस्थेत दहा मतांची, दहा श्रद्धांची माणसे एकत्र येतात, तिथे ही रीत कशी चालावी? तिथे काही ना काही निवड हवीच.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापकमहाशय, या झाल्या जुन्या गोष्टी. चरख्याच्या आणि पदयात्रेच्या काळातल्या. तर मग एक अगदी नव्या काळातली सांगतो, आणि तीही दूरदेशची.

संगणक चालायला त्याच्या पोटात एक मूळ आज्ञावली लागते. काही कंपन्या ती विकतात. पण जगात अशीही माणसे आहेत, की जी आज्ञावली एकत्र बसून, बिनपगारी लिहितात, आणि कोणीही घ्या, वापरा, बदला म्हणून मोकळी सोडतात. १९९३ साली इयन मरडॉक नावाच्या तरुणाने असे एक काम सुरू केले. त्याचे नाव देबियन. आज देशोदेशींची हजारभर माणसे ते चालवतात. त्यांतली कित्येक एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेलीही नाहीत. काही शाळांतल्या संगणकांवर उबंटू नावाची प्रणाली असते, ती याच देबियनच्या पायावर उभी आहे. संगणकाची ही जोळच समजा ना!

या मंडळींनी १९९८ साली आपली घटना लिहून काढली. पुढारी दरवर्षी निवडायचा. मुदत एकच वर्ष. मत देताना उमेदवारांना पसंतीचा क्रम द्यायचा, आणि ‘यांपैकी कोणीही नको’ असेही म्हणण्याची सोय. पुढाऱ्याला वेतन नाही, आणि अमक्याने तमके काम करावे असा हुकूम सोडण्याचा अधिकारही नाही. सभासदांना वाटले तर मत घेऊन त्याला मध्येच काढता येते.

२००६ साली त्यांची नवी आवृत्ती रखडत होती. आधीच्या आवृत्तीला फार उशीर झाला होता, तो पुन्हा होऊ नये म्हणून त्या वर्षीचे पुढारी अँथनी टाउन्स आणि काही सहकारी यांनी ठरवले, की देणग्या जमवून, ही आवृत्ती तडीस नेणाऱ्या दोघा जणांना थोड्या काळाचे वेतन द्यावे. म्हणजे ते पूर्ण वेळ काम करतील आणि डिसेंबरात आवृत्ती निघेल. हेतू चांगला. पण गदारोळ उठला. इतकी वर्षे आम्ही फुकट राबलो, मग या दोघांनाच पैसे का? आणि पुढारी या नात्याने एक आणि देणगी जमवणारा या नात्याने दुसरा, असे दोन अंगरखे एकाच माणसाने कसे घालावेत? काहींनी निषेध म्हणून आपले हात आखडते घेतले. पुढाऱ्याला काढावे असा ठराव आला, मतदान झाले, आणि तो ठराव पडला. पुढारी राहिला, पण आवृत्ती डिसेंबरात निघायची ती ८ एप्रिल २००७ रोजी निघाली.

म्हणजे पुण्यात १८९० साली जे झाले तेच पुन्हा, नाही का? पण या हकिगतीला पुढे एक शेपूट आहे. २०१४ पासून देबियनच्या जुन्या आवृत्त्यांची डागडुजी करण्याचे काम पैसे देऊन करून घेतले जाते. जुन्याला ठिगळे लावणे हे कंटाळवाणे काम. हौसेने ते कोणी करत नाही. ज्या कंपन्यांना त्या आवृत्त्या हव्यात त्या पैसा देतात. तो पैसा संस्थेच्या तिजोरीत किंवा पुढाऱ्याच्या हाती न येता बाहेरच्या व्यवस्थेतून जातो. आणि काम करणारे आपण किती तास काय केले याचा हिशेब महिन्याच्या महिन्याला उघड मांडतात. यावर पुन्हा तसा गदारोळ झाला नाही. पैसा तोच, संस्था तीच. मग बदलले काय? कोणते काम पगारी हे नेमके ठरले, वेतन देणारा आणि पुढारी वेगळे झाले, आणि हिशेब चव्हाट्यावर आला.

एक गोष्ट आणखी. २०१९ साली पुढारीपणासाठी ठरलेल्या मुदतीत एकही अर्ज आला नाही. मुदत वाढवावी लागली. निवडणुकीची सोय करून भागत नाही. जे पद बिनपगारी आणि कटकटीचे, त्याला उभे राहणारी माणसेही हवीत. आपल्या गावात सभा संपताना ‘चिटणीस कोण होणार?’ असे विचारले, की सगळे जोडे शोधू लागतात, तसेच ते.

मी स्वतः एका लहानशा वाचनालयाचा काही वर्षे चिटणीस होतो. पुस्तके देणाऱ्या मुलाला मानधन सुरू करावे असे आम्हा तिघांना वाटले आणि आम्ही ते सुरू केले. रक्कम इतकी किरकोळ, की सभेपुढे न्यावी असेही वाटले नाही. पुढच्या वार्षिक सभेत जो भडका उडाला तो अजून आठवतो. रागावलेली माणसे वाईट नव्हती. त्या मुलाला पैसे मिळू नयेत असे त्यांतल्या एकालाही वाटत नव्हते. आम्हाला विचारले का नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते. चूक माझी होती.

या साऱ्या हकिगती एकापुढे एक ठेवल्या म्हणजे मला जे दिसते ते सांगतो आणि थांबतो. वेतन दिले म्हणून सेवा बाटत नाही. भारत सेवक समाजाच्या सेवकांनी निर्वाह घेतला; त्यांची सेवा कोणी कमी लेखली नाही. आणि वेतन नाकारले म्हणून सेवा आपोआप तरत नाही. भूदानाच्या न वाटलेल्या जमिनी याला साक्ष आहेत. भांडण होते ते पगाराचा आकडा किती यावरून क्वचितच. ते होते कोणी ठरवले, कोणाला न विचारता ठरवले आणि कोणाच्या डोळ्याआड ठरवले यावरून. म्हणून जे काम रोजचे, किचकट आणि हौसेने न होणारे आहे, त्याला खुशाल माणूस नेमावा आणि त्याला पोटापुरते द्यावे. पण ते काम कोणते, रक्कम किती, मुदत किती, हे राबणाऱ्या सगळ्यांसमोर ठरावे. जो ठरवतो त्याने ते घेऊ नये. पुढारी ठरावीक मुदतीचा असावा, आणि त्याला बदलण्याची वाट भांडण होण्याआधीच लिहून ठेवावी. एवढे केले तर बाकीची माणसे आपले फावडे खाली ठेवणार नाहीत.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. वर्गात टिळक-आगरकरांचा धडा येईल तेव्हा मुलांना दोन बाजूंना बसवा आणि हा ७५ रुपयांचा वाद त्यांच्याकडून खेळवा. मग विचारा, की तुमच्या आळीच्या गणपतीत वर्गणीचा हिशेब कोण मांडतो, आणि तो कोणाला पाहायला मिळतो? आणि शेतकरी वाचकांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे, की जोळीच्या दिवसांत बांधावर कोणी यायचे हे कोण ठरवी, आणि जो येत नसे त्याचे काय होई. उत्तरे लिहून ठेवा. ती सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत, आणि पुढच्या उधाणाला बांध तर राखायचाच आहे.